कालिंदीचा नंबर

आमची आई छातीच्या कॅन्सरने गेली. तेव्हापासून धाकट्या बहिणीची, कालिंदीची मॅमोग्राफी करून घ्यायचं माझ्या डोक्यात होतं. कालिंदी सत्तेचाळीसची, समज मात्र सात-आठ वर्षांच्या पोरीएवढी. गाठ लागली तरी ती सांगेलच असा भरवसा नाही. शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, "तिला कशाला ते सोपस्कार? लग्न नाय, पोर नाय." कॅन्सर जणू लग्नपत्रिका बघूनच येतो!

परळच्या तपासणी शिबिरातून दोनदा तिला तशीच परत आणली. तिथली माणसं चांगली होती हो. "स्पेशल पेशंट आहे, आधी घ्या," म्हणायची. रांगेतल्या बायकाही, "जा गं बाई, तू आधी जा." आणि आमची कालिंदी लालबुंद होऊन, "नाय! नाय!" मला वाटलं, मशीनला घाबरते.

मग आला मे महिना. मसाला कुटून घ्यायला आम्ही लालबागला गेलो. तिथे मिरच्यांचा डबा रांगेत ठेवला की तुमचा नंबर लागला. आमच्या चाळीतल्या बायका डब्यांवर लक्ष ठेवायला कालिंदीलाच बसवतात. मला घाई होती, म्हणून मी माझा डबा गुपचूप दोन नंबर पुढे सरकवला. कालिंदीने तो उचलून चारचौघींत मागे नेऊन ठेवला. तोंड तसंच लालबुंद, आणि "नाय! नाय!" माझी अक्कल इतके दिवस कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

पुढच्या शिबिरात मी मशीनवरच्या प्रितीला सांगितलं, "हिला नंबरानेच घ्या. दाराशी बसू दे, बघू दे."

प्रिती हसली. "काकू, इथे सगळे आधी घ्या म्हणून भांडतात!"

सात बायका आत गेल्या, सात बाहेर आल्या. कालिंदीने बोटांवर मोजल्या. मधेच प्रितीने तिचा हात आपल्या दोन तळव्यांत धरून, मशीन कसं दाबतं ते दाखवलं. आठवा नंबर आला तशी कालिंदी स्वतःच उठली. आतून "आई गं!" अशी आरोळी आली की अख्खा मजला दचकला. पण ती पळाली नाही. मी तिथेच रडले, लाज न बाळगता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चल घरी." ती हलेना. माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, तू?"

माझी झालीय, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. झाली नव्हती. मी एक्कावन्न वर्षांची, आणि आईसारखं निघालं तर, या भीतीने कालिंदीच्या आड लपून बसले होते. प्रितीने एक फॉर्म पुढे केला.

कालिंदीने माझी पर्स काढून घेतली आणि मला दाराकडे ढकललं.

"दुखतं," ती म्हणाली. "जोरात ओरड. मग संपतं."