'खुडबुड' बंद झाली तेव्हा

थोरली सून चहा गाळत होती, तेवढ्यात धाकटा दीर दारातूनच म्हणाला, "वहिनी, बँड मोडला."

सासूबाईंना अर्धंच ऐकू आलं. "कुठे आपटलास? दुरुस्त नाही का होणार?"

"वस्तू नाही गं आई. आम्ही. आम्ही वेगळे झालो."

"भांडलात?"

"नाही ना!" तो असा म्हणाला, जणू हेच त्याला दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं होतं.

'खुडबुड' हे बँडचं नाव. दीर पत्र्याचे डबे आणि पाइप वाजवायचा, आणखी दोघं जुनी वाद्यं खोलून त्यातून नवेच आवाज काढायचे, आणि घुमी गायची. एरवी तोंडातून शब्द काढायची नाही म्हणून घुमी; माइकपुढे मात्र छप्पर उडवायची. त्यांच्यामागच्या पडद्यावर थोरलीची चित्रं असत. काचेच्या ट्रेत पाणी, खाली दिवा, वर आरसा. पाण्यात शाईचा थेंब सोडला की पडद्यावर ढग पसरायचा. शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळातला हा उद्योग तिच्या अंगात भिनला होता.

दुपारी मुखवटेवाला आला. 'खुडबुड'च्या कार्यक्रमात मधे तो मुखवटे घालून नाचायचा.

"लोक त्यांच्यासाठी यायचे, आपण आपलं साधून घ्यायचो," तो म्हणाला. "आता कोण विचारणार आपल्याला? झालं तरी काय?"

"मला काय माहीत!"

"तुमच्या घरातला माणूस, आणि तुम्हाला माहीत नाही?"

हे तिला लागलं. ती तडक घुमीच्या शिवणकामाच्या दुकानात गेली. घुमीनं ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या.

"ताई, त्यालाच सोडायचं होतं. सरावाला येऊन नुसता बसायचा. मग मीच म्हटलं, थांबू या."

थोरलीनं घरी येऊन दिराला गाठलं. "भावजी, तुम्हाला सोडायचं होतं?"

"मला? घुमीलाच एकटीनं गायचं होतं. तिला अडचण नको म्हणून मी गप्प बसायचो."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. "मग गैरसमजच की हो! जा, आत्ताच्या आत्ता भेटा तिला."

तो गेला. ती दाराकडे डोळे लावून बसली. संध्याकाळी परत आला तो हसतच.

"बोललो. पोट धरून हसलो दोघंही."

"मग? सराव कधी?"

"सराव नाही. गैरसमज गेला, वहिनी, पण वाजवावंसं काही वाटलं नाही. तिलाही नाही."

"असं कसं?"

"तेच कळत नाहीये."

कुणावर चिडावं हेच तिला सुचेना. कुणी वाईट वागलं असतं तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

'खुडबुड'च्या पुढच्या कार्यक्रमासाठी छोटं सभागृह आधीच ठरलेलं होतं. मुखवटेवाला म्हणाला, आपण दोघंच करू. तिनं हो म्हटलं आणि लगेच पस्तावली. गाण्याचा सूर चढला की शाई सोडायची, हे तिला पाठ होतं. आता सूरच नव्हता. कार्यक्रमात मुखवटेवाल्याच्या पावलांच्या आवाजावर ती अंदाजानं थेंब टाकत गेली. एकदा तो थांबला, तेव्हा तिचा ढग एकटाच पसरत राहिला. मधेच उठून काही जण निघून गेले. पुढच्या रांगेतली एक बाई मात्र मान वर करून तशीच बसून होती. तिला आवडत होतं की झोप लागली होती, अंधारात दिसेना. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा.

दीर मागे भिंतीला टेकून उभा होता.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"मी सारखा वाट बघत होतो, आता सुरू होईल, आता सुरू होईल. मग संपलंच. पण चुकीचं काही वाटलं नाही."

"म्हणजे चांगलं झालं का?"

"वहिनी, खरंच सांगता येत नाही."

घरी नवऱ्यानंही तेच विचारलं.

"शनिवारी पुन्हा बसतोय आम्ही," ती म्हणाली. "मुखवटेवाल्याला लाल शाई हवीय."

"म्हणजे जमलं म्हणायचं!"

"तसं नाही हो," ती म्हणाली आणि समजावून सांगायला लागली. दोनदा सुरुवात करून पाहिली, दोन्हीदा मधेच अडली.

"राहू दे," तो म्हणाला. "जेवून घे आधी."