आवाजाला रकाना नव्हता

तो लिफ्ट तपासणीस होता आणि कचेरीत सगळे त्याला भागूबाई म्हणत. त्याला कारण होतं चार वर्षांपूर्वीचं. एका इमारतीत त्याला मोटरमधून कसलासा आवाज आला. मापं सगळी बरोबर होती, तरी विषाची परीक्षा नको म्हणून त्यानं लिफ्टला सील ठोकलं. आठ दिवस सगळं खोलून पाहिलं, काही म्हणता काही निघालं नाही. आणि त्याच आठ दिवसांत सहाव्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिना चढताना छातीला हात लावून खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. साहेब एवढंच म्हणाले, "फॉर्ममध्ये आवाजाला रकाना आहे का? नाही ना? मग कान घरी ठेवून येत जा."

जित्याची खोड, ती कुठली जायला! मापं झाली की रिकामी लिफ्ट वरखाली सोडायची, वरच्या खोलीत मोटरवर हात ठेवून डोळे मिटून उभं राहायचं, हे चालूच राहिलं. ऐकलेलं कागदावर आणणं मात्र त्यानं सोडलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड फुंकण्यानंच पोळलं होतं.

गेल्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाच्या इमारतीची पाळी आली. पाचव्या मजल्यावर वहिनीनं दारातच चिडवलं, "या भागूबाई. सील आणलंय, की नुसतेच चहाला आलात?"

वरच्या खोलीत हाताखाली मोटर फिरत होती आणि प्रत्येक फेऱ्याला बारीकसा 'कट्' होत होता. दोर ठीक, ब्रेक ठीक. पाऊण तास तो तिथेच घुटमळला. मास्तर आठवले, साहेब आठवले, आणि खोटं कशाला बोला, वहिनीचं हसूही आठवलं. त्यानं 'योग्य'वर सही केली. खाली येऊन चहा प्यायला आणि आवाजाचं अवाक्षरही काढलं नाही.

एकविसाव्या दिवशी मोटरच्या गिअरचा दांडा तुटला. वहिनी भाजी घेऊन वर येत होती. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून घसरत तळाला आदळली आणि वहिनीचा खुबा मोडला. चौकशीत मापं बरोबर निघाली, त्याच्यावर ठपका आला नाही. साहेबांनी तर पाठ थोपटली. ती थाप त्याला अजून टोचते.

तेव्हापासून तो दर रविवारी भावाकडे जातो. परवा भाऊ औषधं आणायला गेला होता. वहिनी वॉकर धरून खिडकीशी उभी होती. तिनं वळून न बघता विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी तुम्हाला काही ऐकू आलं होतं का?"

एवढे महिने त्याला याच प्रश्नाची भीती होती. "हो," तो म्हणाला. "पण खात्री नव्हती, वहिनी. पुरावा नव्हता काही. लिफ्ट बंद केली असती आणि पुन्हा कुणी जिन्यात..."

"बंद करा कुठे म्हणतेय मी?" वहिनी रागावली नव्हती, तेच त्याला सोसवेना. "चहा पिताना नुसतं सांगायचं होतंत, की वहिनी, मला शंका येतेय. मी जिन्यानं गेले असते. तेव्हा चढता येत होतं मला."