परण्याची फियाट

शहाण्णव साली तेलगावात पहिली कार आली ती आश्रुबा गुरुजींची. जीपा होत्या, ट्रॅक्टर होते, पण कार नव्हती. औरंगाबादच्या एका इंजिनिअरनं नव्या तऱ्हेची गाडी घेतली आणि आपली पांढरी फियाट विकायला काढली, ती गुरुजींनी घेतली. शाळेच्या मैदानावर महिनाभर शिकले. एकदा कुंपण पाडलं आणि रविवारी स्वतःच उभं केलं.

गावातल्या बड्यांच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं. माझं किराणा दुकान, त्यामुळं ते दुखणं मला दिवसभर ऐकावं लागे. कार बौद्धवाड्यात गेली, असं लोक म्हणत, जणू तीच वाट चुकली होती.

त्याच वैशाखात माझा पुतण्या बसवेश्वर याचं लग्न निघालं. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. गावात कार असताना नवरदेवानं जीपमधून जाणं म्हणजे नाक कापून घेणं, असं थोरले बंधू रुद्रप्पा म्हणाले आणि कार मागायला मला धाडलं.

गुरुजी लगेच हो म्हणाले. एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता.

"आप्पा, परण्या आला की माझा बाप वाट सोडून हुबा राहायचा. उद्या मीच हाकतो गाडी."

घरी रुद्रप्पा सुपारी कातरत होते. गाडी आण, पण चालवायला आपला जीपवाला उत्तरेश्वर बसेल, म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मारुतीपुढं आमचा नवरदेव मागं आणि गुरुजी स्टिअरिंगवर, हे त्यांना नको होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर गाडी धुऊन उभी होती. गुरुजी नव्या सफारी सुटात होते आणि त्यांची बायको दगडाबाई बॉनेटवर झेंडूची माळ बांधत होती. मी चाचरत निरोप सांगितला. दगडाबाईनं माळ सोडून घेतली.

"गाडी पायजे अन् गाडीवाला न्हाई? मंग जीपच बरी, आप्पा."

बाई बरोबर बोलली होती. पण घरी जाऊन तसं सांगायची माझी छाती झाली नाही. भित्र्या माणसाला खोटं लवकर सुचतं. गाडीची बॅटरी बसली, असं मी सांगून टाकलं. परण्या जीपमधून निघाला.

आठवडाभरात ते गावभर झालं. मास्तरनं शहरातलं भंगार आणलं, म्हणून लोक पारावर हसू लागले. माझ्या दुकानातही हसत. मी साखर तोलत राही.

एका सकाळी फियाट दुकानापुढं थांबली. गुरुजींनी इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. एका फटक्यात लागलं. मग आतूनच वाकून माझ्या बाजूचं दार उघडलं.

"बसा आप्पा. मारुतीपस्तोर जाऊन येऊ. लोकांना दिसू द्या."

गिऱ्हाईक आहे, मी म्हणालो.

त्यांनी रिकाम्या दुकानाकडं पाहिलं आणि दार ओढून घेतलं. मला लाज वाटली. तरी मी उठलो नाही.