मिश्रीच्या रंगाचा दात

ज्योतीरामची घाई आकुर्डीच्या सगळ्या चाळीला माहीत होती. प्रेसवर त्याचा हात भराभर चाले म्हणून कंपनीत कौतुक व्हायचं, आणि त्याच घाईचा घरी ताप. गौरी बसायच्या आदल्या दिवशी डब्याला उशीर झाला, फर्स्ट शिफ्टची बस चुकणार असं दिसलं, तसा त्यानं स्टीलचा डबा उचलून बायकोच्या तोंडावर फेकला. सुमनचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. नळावर पाय घसरला, असं तिनं चाळीत सांगितलं. चाळीला ते पटलं नाही, पण चाळ गप्प बसली.

गप्प न बसणारा माणूस एकच होता, सुमनचा भाऊ हिंदुराव. कोरेगावाकडून दर भाऊबीजेला तो न चुकता यायचा. तो येण्याआधी दात दुरुस्त व्हायलाच हवा, एवढंच ज्योतीरामच्या डोक्यात घोळत होतं. केल्याची लाज वाटत होती का? असेल थोडीफार. भीती मात्र भरपूर होती.

चिंचवडच्या दातांच्या डॉक्टरांनी उरलेला दात तासून त्यावर पोर्सिलेनची टोपी बसवायचं ठरवलं. रंग जुळवायला त्यांनी नमुन्याच्या दातांची पट्टी सुमनच्या ओठांशी धरली आणि ते थांबले. लहानपणापासून मिश्री लावून तिचे दात तपकिरी पडले होते. मिश्री सोडणार असाल तर आधी सगळे दात साफ करू, मग पांढरा रंग घेऊ; सोडाल का, असं त्यांनी तिला विचारलं. उत्तर ज्योतीरामनं दिलं.

"ती कसली सोडतीय? हाय त्याच रंगाचा करा, पण लवकर करा."

पोर्सिलेनचा रंग पुढे बदलत नाही, घासला तरी जात नाही, हे डॉक्टरांनी बजावलं. ज्योतीराम घड्याळ बघत होता. सुमन पट्टीवरच्या पांढऱ्या दाताकडे बघत होती.

दसऱ्याच्या आधी दात बसला, तोही इतका बेमालूम की शेजारच्या छबूबाईला जवळून बघूनही तो ओळखता येईना. ज्योतीरामला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

पण दुसऱ्या दिवसापासून मिश्रीची डबी फळीवरून खाली आलीच नाही. सुमन सकाळ-संध्याकाळ राखुंडी आणि मीठ घेऊन नळावर दात घासत बसू लागली. ज्योतीरामच्या हे उशिराच ध्यानात आलं. तोवर बाकीचे दात उजळायला लागले होते आणि मधला तेवढा तपकिरीच होता. मग त्याच्या जिवाला चैन पडेना. जेवताना नजर तिच्या तोंडावरून हलेना, कामावर लक्ष लागेना, फोरमनची बोलणी खावी लागली. तो डॉक्टरांकडे धावला, तर दुसरा दात होईल, पण दिवाळीनंतर, असं कळलं.

शेवटी, ताज्या वासाला तरी ती भुलेल म्हणून गड्यानं बाजारातून तंबाखू आणली आणि स्वतः तव्यावर भाजायला बसला. सगळी चाळ खोकायला लागली. पुरुषमाणूस मिश्री भाजतोय हे बघायला बायका दारात जमल्या. त्यानं ती कुटली, डबीत भरली आणि डबी बायकोपुढे धरून विनवण्या करू लागला.

सुमनला तलफ येत नव्हती असं नाही. डोकं ठणकायचं, कितीदा तरी ती त्या फळीपर्यंत जाऊन परत फिरली होती. तिनं डबी घेतली, वास घेतला आणि मोरीत उपडी केली.

भाऊबीजेला हिंदुराव आला. जास्त हसू नको, असं ज्योतीरामनं तिला सकाळपासून दहादा सांगितलं होतं. सुमननं पाट मांडला, भावाला कुंकू लावलं आणि निरांजनाचं तबक हातात घेऊन तोंडभर हसली.

"सुमे, ह्यो एकच दात काळा कसा गं?"

ज्योतीरामनं मध्येच तोंड घातलं आणि नळ, शेवाळ, घसरलेला पाय असं काहीबाही सांगू लागला. सुमननं तबक खाली ठेवलं.

"दादा, ह्यो दात माझा न्हाई. माझा ह्यांनी डबा मारून फोडला."

ज्योतीराम दाराकडे सरकला. हिंदुराव पाटावरून उठला नाही.

"ओवाळ आधी," तो म्हणाला. मग मान वळवून हळू आवाजात म्हणाला, "दाजी, तुमी कुठं जाऊ नका."

सुमननं तबक उचललं आणि अजिबात घाई न करता भावाला ओवाळलं.