साडूचा सिलिंडर

"सोड रे, सोडून दे. वारा आहे की आपल्याकडे, नेईल तो."

उस्ताद सेलेस्तिनोंचा हा आवाज आबेलार्दोच्या कानात तीस वर्षं मुरला होता. चिलीच्या दक्षिण टोकाला, पुन्ता अरेनासच्या खाटकांच्या थंड पेट्या दुरुस्त करताना उस्ताद नळी सोडत, जुना गॅस फुस्सकन निघे आणि वाऱ्याबरोबर सामुद्रधुनीवर पसार होई. आबेलार्दो तसंच शिकला, तसंच करत आला.

आणि आता हा दानिलो, त्याच्या मेहुणीचा नवरा. राजधानीला, सांतियागोला जाऊन गॅस हाताळायचा परवाना घेऊन आला. सोबत एक यंत्र आणलं, जुना गॅस ओढून सिलिंडरमध्ये कोंडणारं. तेव्हापासून खेकडे गोठवणाऱ्या कारखान्याला दानिलोच हवा. घरी बायको, रोसाल्बा, रस्सा वाढता वाढता म्हणे, "माझ्या बहिणीचं नशीब बघ. नवरा आभाळ राखतो तिचा." आबेलार्दोचा घास तोंडातच फिरत राही.

रविवारी कोकरू भाजताना त्यानं विषय काढलाच. "गॅस हवेहून जड, साडू. जमिनीला धरून बसतो. आभाळात काय शिडी लावून चढतो?"

"राख जड नसते?" दानिलो निखारे सारत म्हणाला. "हडसन ज्वालामुखी फुटला तेव्हा कुठल्या कुठं गेली. वारा सगळं ढवळतो. वर पोचायला वर्षं लागतात, पण पोचतो. तिथलं ऊन त्याला फोडतं, क्लोरीन सुटतो, तो ओझोन खातो."

"तू बघितलास जेवताना?"

"तूही बघितलायस. गळती शोधायच्या दिव्याची ज्योत हिरवी होते ना? ती क्लोरीनचीच करणी."

रोसाल्बा हसली. आबेलार्दो नाही हसला. ती हिरवी ज्योत त्यानं हजारदा पाहिली होती, उभा जन्म तिच्या उजेडात गेला होता. आणि तिचं मर्म त्याला ह्यानं सांगावं, तेही बायकोदेखत.

गुरुवारी पर्यावरण खात्याचा अधिकारी दानिलोकडे येणार होता. गोळा केलेला गॅस तो तोलणार. वजन नोंदीपेक्षा कमी भरलं तर परवाना रद्द.

मंगळवारी दुपारी मागून आणलेला पाना परत द्यायला आबेलार्दो दानिलोच्या शेडमध्ये गेला. दानिलो जेवायला गेलेला. सिलिंडर भिंतीला टेकून उभा होता, पोटुशी बाई उन्हाला बसावी तसा निवांत. आबेलार्दोनं व्हॉल्व्ह जरासा फिरवला. नुसता जरासा, असं त्यानं स्वतःला बजावलं. सूं सूं आवाज सुरू झाला. पितळेवर पांढरं दंव चढलं, बोटं बधिर झाली. समोरच्या शाळेच्या फाटकावर लाल पाटी होती, ओझोन विरळ झाल्यानं बाधणाऱ्या उन्हाची. पोरं मधल्या सुट्टीतही वर्गातच कोंडलेली. एकदा त्याचा हात व्हॉल्व्ह बंद करायला उठला. मग रोसाल्बाचं हसू आठवलं, आणि हात खाली आला.

गुरुवारी तराजूवर सिलिंडर रिकामा निघाला. अधिकाऱ्यानं संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा मागितला आणि तो हॉटेलवर गेला.

आबेलार्दो शेडमध्ये आला तेव्हा दानिलो बाकावर बसून स्वतःचे तळवे न्याहाळत होता.

"मीच सैल ठेवला असणार," तो म्हणाला. "दहादा तपासतो रे मी. तरी माझ्याच हातून झालं. आता ह्या हातांचा काय भरवसा?" त्यानं कारखान्याच्या यंत्रघराची किल्ली पुढे केली. "त्यांना सांगितलंय, आबेलार्दोला बोलवा. तीस वर्षांत तुझा हात चुकला नाही कधी."

हवी होती ती किल्ली आबेलार्दोच्या तळव्यात आली. दानिलोच्या मुठीची ऊब अजून तिच्यात होती. दानिलो कागद ओढून खुलासा लिहू लागला: माझ्या निष्काळजीपणामुळे.

आबेलार्दोनं त्या कागदावर किल्ली ठेवली.

"लिहू नकोस ते," तो म्हणाला. "तू घट्टच बसवला होतास. मी उघडला. मंगळवारी, तू जेवायला गेलास तेव्हा. सगळा संपेस्तोवर इथंच उभा होतो."