मी पिल्लू नव्हतो

मित्रांनो, मी एक म्हातारा सुतारपक्षी आहे. तुमच्या अंगठ्याहून थोडासाच मोठा. आमची जात एवढीच असते. पण ज्या दिवशी मला पिल्लू समजून उचललं, त्या दिवशी मी तीन अंड्यांचा बाप होतो.

आमच्या घराण्यातले मोठे सुतारपक्षी तुम्ही पाहिले असतील. डोक्यावर लाल तुरा, ताठ शेपूट. ते ठोकायला लागले की अर्ध्या जंगलाला ऐकू जातं. माणसं माना वर करून त्यांचे फोटो काढतात. माझी शेपटी आखूड आणि मऊ. मोठ्या खोडाशी माझं काही काम नाही. वाळलेल्या बारीक फांद्यांत मुंग्या आणि अळ्या शोधत मी जन्म काढला. माझ्याकडे बोट दाखवून 'तो बघ' असं कोणी कधी म्हणालं नाही. त्याचं वाईट वाटलं नाही. घरी ती होती.

आमचं घर एका सुकलेल्या फांदीत होतं. ती फांदी तिनेच निवडली. त्याआधी मी दाखवलेल्या तीन फांद्या तिने नापसंत केल्या होत्या. एक ओली, एक वाकडी आणि एक "उगीचच". दोघांनी मिळून भोक पाडलं, कोटाच्या मोठ्या बटणाएवढं. मग अंडी झाली आणि आम्ही आळीपाळीने बसू लागलो.

पाळी बदलायची आमची एक पद्धत होती. बाहेरून येणाऱ्याने फांदीवर तीनदा ठोकायचं, मग आतल्याने निघायचं. ती नियमाची पक्की होती. तीन ठोके ऐकल्याशिवाय अंडी सोडायची नाही. एकदा मी गंमत म्हणून दोनच ठोकले. ती हलली नाही. कंटाळून मी तिसरा ठोका दिला, तेव्हा तिने चोच बाहेर काढली.

"मोजता येत नाही का तुम्हाला?"

त्या सकाळी मी पोट भरून परत निघालो होतो. तिची बाहेर जायची वेळ झाली होती, ती उपाशी होती. म्हणून मी घाई केली. जंगलाच्या कडेला एका शिंप्याचं घर होतं. त्याच्या खिडकीला नवी काच बसवली होती आणि काचेत झाडं दिसत होती. मी त्या झाडांत शिरायला गेलो आणि आपटलो.

डोळे उघडले तेव्हा मी शिंप्याच्या बायकोच्या तळहातावर होतो.

"अहो, पिल्लू पडलंय बघा घरट्यातून. शेपूटसुद्धा फुटलं नाही अजून."

शिंप्याने गळ्यातली टेप काढून मला मोजलं. "पावणेचार इंच. ह्याचा सदरा चिंधीत होईल."

"चेष्टा पुरे. आधी डबा द्या तो दोऱ्यांचा."

मला तासभर सावलीत तसंच ठेवलं असतं, तर मी आपला उडालो असतो. त्यांनी मला कापूस घातलेल्या डब्यात ठेवलं आणि भोकं पाडलेलं झाकण लावलं. ती माणसं दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर मला राग तरी आला असता. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती बाई दर थोड्या वेळाने झाकण उघडायची, बोटांच्या फटीत मला धरून भिजवलेल्या पोळीचा कण चोचीत घालायची आणि म्हणायची, "खा रे बाळा."

शिलाईचं मशीन थांबलं की मी डब्यावर ठोकायचो. तीन ठोके. म्हणजे, आलोय, तू निघ. पण डब्यातून आवाज फांदीपर्यंत कसा जाणार?

"दार वाजवतोय बघा," ती हसून म्हणायची. मग शिंपी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या अंगुस्तानाने झाकणावर तीनदा ठोकायचा. मी पुन्हा ठोकायचो, तो पुन्हा ठोकायचा. त्यांना वाटलं मी खेळतोय. दोन दिवस ते माझ्याशी असं खेळले.

तिसऱ्या सकाळी एक निवृत्त वनरक्षक विजार सैल करून घ्यायला आला.

"पोट वाढलं की काय?" शिंप्याने विचारलं.

"कापड आटलं." तेवढ्यात त्याचं लक्ष डब्याकडे गेलं. त्याने मला उजेडात धरलं आणि माझ्या कपाळावरची केशरी पिसं बघितली. "हा कुठला आणलात?"

"पिल्लू आहे. आईपासून चुकलंय," बाई म्हणाली.

"पिल्लू नाही हो, वहिनी. बाप्या आहे. ह्याची जातच एवढी. ह्या दिवसांत ह्यांची अंडी असतात. जोडीने बसतात, एक आला की दुसरा जातो."

तिच्या हातातलं बटण खाली पडलं. "आणि एक आलाच नाही तर?"

वनरक्षकाने मला परत डब्यात ठेवून झाकण लावलं. ती डबा घेऊन अनवाणीच धावली. शिंपी तिच्या मागे. जंगलाच्या कडेला तिने झाकण काढलं. मी थेट फांदीवर गेलो.

तीनदा ठोकलं. नीट मोजून.

"आतून कोणी येत कसं नाही?" खालून बाईचा आवाज आला.

"झोपली असेल," शिंपी म्हणाला.

मी आत डोकावलो. ती अंड्यांवरच बसलेली होती, चोच दाराकडे करून. आमचा जीव केवढासा, दोन दिवस पोटात काही गेलं नाही की संपतो. मी तिच्या अंगाला अंग लावून बघितलं. ती गार होती. अंडीही गार होती.

शिंप्याच्या बायकोने नंतर त्या काचेवर रंगीत चिंध्यांच्या पट्ट्या शिवून लावल्या. आता तिथे कोणी आपटत नाही.

मित्रांनो, कोणी लहान दिसला म्हणून त्याला लगेच उचलू नका. सावलीत राहू द्या, थोडं लांब बसा, वाट बघा. कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा, पण त्याच दिवशी विचारा. त्याची कुठेतरी कोणीतरी वाट बघत असेल.

मी अजून त्याच फांदीत राहतो. सकाळी बाहेर जातो, परत आलो की तीनदा ठोकतो आणि आत जाऊन बसतो. माझी पाळी संपली, हे सांगायला कोणी येत नाही.