मशेरीच्या तव्यावर बडीशेप

मी तवा बोलतोय. भाकरीचा नाही, मशेरीचा. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल.

सगळं सुरू झालं एका मंगळवारी, दुपारी बरोबर सव्वातीन वाजता. ते सांगणारच आहे. पण आधी मी कोण ते ऐका, कारण लोक मला जन्मापासूनच बदनाम समजतात.

माझा जन्म नगर रोडच्या कडेला झाला. वाघोलीच्या अलीकडे घिसाड्यांची पालं पडली होती. नवरा सांडशीत धरून मला फिरवायचा आणि बायको दोन्ही हातांनी घण उचलून हाणायची. बाजूला झोळीत तिचं तान्हं निवांत झोपलेलं. एवढा ठणठणाट, पण ते पोर हललं नाही. आईच्या हातचा आवाज लेकराला ओळखू येतो म्हणतात.

कांताबाईंनी मला घेतलं ते भाकरीसाठी. "फुगली न्हाई तर आणून आपटीन," असा दम देऊनच घेतलं. आपटायची वेळ आली नाही. माझ्यावर भाकरी अशी टम्म फुगायची की शेजारच्या बायका बघायला यायच्या.

मग दिवाळीला कांताबाईंच्या लेकीने काळा गुळगुळीत नॉनस्टिक तवा आणला. त्याच दिवशी मी घराबाहेर. आमच्या ओळीत सगळ्या बैठ्या खोल्या, पुढे सामाईक पत्र्याची शेड. तिथे तीन विटांच्या चुलीवर माझी बदली झाली आणि माझ्यावर मशेरी भाजायला लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना लावायची. धुराने घशात काटे टोचतात, म्हणून ती घरात भाजत नाहीत. आमच्याकडे भाजायचा वार मंगळवार. सगळ्यांची तंबाखू एकत्र, भाजणार कांताबाई, वाटे सगळ्यांना. आणि कांताबाईंचा एक नियम होता: मशेरीचा तवा धुवायचा नाही. धुतला की चव जाते. म्हणून माझ्या अंगावर तंबाखूचा राप चढत गेला, आणि लोक म्हणायला लागले, किती घाण तवा! अहो, धुतलं कुणी?

आता आम्रपाली. अकोल्याकडून लग्न होऊन कांताबाईंच्या शेजारच्या खोलीत आली. नवरा चेतन डिलिव्हरीचं काम करतो, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. लेकीच्या, सोनूच्या वेळी पोटुशी असताना हिची दाढ ठणकायला लागली. कांताबाई मायेनेच म्हणाल्या, "लाव जराशी. दाढ गप बसंल." दाढ गप बसली. बोट मात्र गप बसलं नाही. सकाळी, जेवल्यावर, भांडी घासून झाल्यावर, झोपायच्या आधी. त्यातच सोनू जन्मली, मुठीएवढी. कितीतरी दिवस तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आम्रपाली पेटीबाहेर उभी राहून तिचा श्वास बघायची. अजूनही पोर झोपली की नाकाखाली बोट धरून बघते.

तर तो मंगळवार. मी तापलेलो, तंबाखू काळी होत आलेली. भोवती कांताबाई, आम्रपाली आणि हिरा. हिरा कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, मंगळवारी तिला सुट्टी असते. तिच्या जिभेला मात्र कधीच सुट्टी नसते. तेवढ्यात आरोग्य केंद्राची आशाताई सत्यशीला तोंडावर ओढणी धरून शेडमध्ये आली.

"आम्रपाली, कितवा महिना चालू आहे?"

"चौथा लागला, ताई."

"सोनू पेटीत होती ना गं? मग परत तेच करतेस? ही तू तोंडात लावतेस ती रक्तातून बाळाला जाते. बाळाचं वजन भरत नाही. तेव्हा कुणी सांगितलं नसेल, आता मी सांगतेय."

आम्रपालीने माझ्याकडे असं बघितलं, जणू तिच्या लेकीला मीच पेटीत घातलं. मी का मान खाली घालू? मी तवा आहे. टाकाल ते भाजतो. ज्वारी टाकली तेव्हा भाकरी दिलीच होती की.

आम्रपाली उठली. पदराने मला धरलं, चटका बसला तरी सोडलं नाही, आणि सगळी मशेरी समोरच्या गटारात ओतली.

"अगं ए भवाने! माझा वाटा हुता त्यात!" कांताबाई ओरडल्या.

"असू द्या काकू," हिरा म्हणाली. "गटारातले डास तेवढेच दात घासतील."

आम्रपाली म्हणाली, "मला पेटी नको. ह्या वेळी पेटी नकोच. मी सोडली. तुम्ही दोघी माझ्यासमोर लावाल तर मला राहवणार नाही, सांगून ठेवते."

मग कांताबाईंनी कमरेची डबी काढली आणि तीही गटारात रिकामी केली. "दाढेला म्या लावली हुती. म्या बी सोडते."

"तुम्ही?" हिरा म्हणाली. "तुमची डबी तर वारसाने लेकीला जायची होती!" पण तिनेही आपली डबी ओतली. हसत ओतली, पण ओतली.

सोडणं म्हणजे काय असतं ते मी शेडमधून बघितलं. डोकं दुखायचं, हात उगाच कंबरेला जायचा, पोरांवर विनाकारण खेकसणं व्हायचं. कांताबाईंचं पोट जागचं हलेना. सकाळी तिघी भेटल्या की नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिला प्रश्न एकच: "काकू, सुटली का गाडी?"

"न्हाई गं. सिग्नल पडंना."

तलफ आली की थाळी वाजवायची, असं ठरलं. थाळी ऐकली की दुसरीने हातातलं काम टाकून यायचं आणि तलफ जाईपर्यंत बोलत बसायचं. विषय कुठलाही चालेल, सासूपासून सुरू केला तर वेळ पुरायचा नाही. दिवसभर थाळ्या. घरमालक विचारायला आले, "कुणाला मुलगा झाला का?"

हिरा म्हणाली, "नाही हो, आम्ही वाईट सवयीचं बारावं घालतोय."

मग हिराने मेसमधून बडीशेप आणली. तोंडाला चाळा हवाच होता. भाजायची कशावर? हात सवयीने माझ्याकडेच वळले. तेच विटांचं मांडणं, तोच मंगळवार, तीच कांताबाई. आणि नियम तोच. तवा धुवायचा नाही!

मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो. पण तव्याला कोण विचारतं?

बडीशेप अफाट चालली. "काय चव आलीय गं!" "तोंडाला जरा बरं वाटतं." थाळ्या थांबल्या. डोकेदुखी पळाली. कांताबाईंची गाडीसुद्धा वेळेवर सुटायला लागली. ओळीतल्या बाकीच्या बायका वाटी घेऊन यायला लागल्या. हिरा मेसमध्ये सांगत सुटली, "मशेरी सोडणं म्हणजे काहीच नाही गं. मनाचा निर्धार लागतो फक्त."

आम्रपालीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा थोडी शांती बघितली. पोटावर हात ठेवून ती बाळाला म्हणायची, "बघ, सोडली ना आईनं तुझ्या?"

मग एक दिवस सत्यशीलाताई शाबासकी द्यायला आली. हिराने कौतुकाने तिच्या हातावर मूठभर बडीशेप ठेवली. ताईने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. तिने बडीशेप चावली, दोन उचक्या आल्या, कपाळाला घाम आला आणि ती भिंतीला धरून खालीच बसली.

"काय घातलंय ह्यात?"

"बडीशेप, ताई. शपथ!"

कांताबाईंनी माझ्यावरून बोट फिरवलं. नाकाशी नेलं. "अगं बया," एवढंच म्हणाल्या.

हिराला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे आपण सोडली नाहीच! चावून खाल्ली!" कांताबाईही हसल्या, ताईला पाणी दिलं, पुन्हा हसल्या.

आम्रपाली हसली नाही. एकेक पाऊल मोजल्यासारखी आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी ती दुकानात गेली. मशेरीची पुडी घेऊन आली, आपल्या पायरीवर बसली. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो, म्हणून सगळं बघितलं. ती पुटपुटत होती, "काहून जीव जाळायचा मग? एवढे दिवस बाळाला तेच गेलं ना." तिने मशेरी लावली. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्यानंतर ती बाहेरच येईना. पाणी भरायलासुद्धा दुसऱ्या टोकाच्या नळावर जायची. कांताबाईंनी हाक मारली की म्हणायची, झोपलेय. मला ती माणसांची खोड कळत नाही. पडलं की लपतात. मी चुलीवरून पडलो तर असा ठणाणा करतो की सगळी ओळ धावत येते.

शेवटी हिरा थाळी घेऊन तिच्या दाराशी बसली आणि बडवायला लागली. शेजारच्यांनी कान झाकले, हिने थाळी थांबवली नाही. दार उघडलं.

"काय आहे, हिराताई?"

"तलफ आलीय. बस इथं."

आम्रपालीचा चेहरा पडला. "माझ्याजवळ नको बसूस. मी लावली परत. काल पण, आज पण."

"बस्स?" हिरा म्हणाली. "मी मेसच्या मागं रखवालदाराच्या बायकोकडून मागून लावली. वर तिलाच म्हटलं, तुझी कच्ची राहिलीय, नीट भाजायला शीक."

कांताबाई मागे येऊन उभ्या होत्या. "आन म्या," त्या म्हणाल्या, "त्या दिशी तुम्ही गेल्यावर तवा चाटला."

दोघी वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"काय?"

"चाटला म्हंते ना! आता काय पेपरात देऊ?"

आणि आम्रपाली हसली. आधी नाकातून, मग तोंड दाबून, मग दाराच्या चौकटीला धरून. हसता हसता रडायला लागली. कांताबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं.

"म्हणजे तिघी नापास," ती म्हणाली.

"मी सातवीला दोनदा बसलेय," हिरा म्हणाली. "दुसऱ्या वेळी तेच पुस्तक होतं, सोपं गेलं."

सत्यशीलाताईला बोलावलं. ती बडीशेपेकडे न बघता बसली आणि स्पष्ट म्हणाली, "आम्रपाली, आधी दिवसभर लावायचीस त्यापुढे हे बडीशेपेतलं कमीच. पण कमी म्हणजे चांगलं नाही. आज परत सोडलीस तर आजपासून बाळाचा फायदा आहे. रडण्यात आठवडा घालवलास तर तो आठवडा वाया."

आम्रपालीने पुडी आणली आणि गटारात टाकली. मग मला उचललं. समोरच्या खोलीतली आजी म्हणाली, "भंगारात दे तो. अपशकुनी आहे."

"का म्हणून?" आम्रपाली म्हणाली. एवढा चढा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "त्याच्यावर काय भाजायचं ते आम्ही ठरवू. तवा फेकला म्हणून पुडीचं दुकान बंद होणार आहे का?"

तिघींनी मला लालभडक तापवलं, विटेने खरवडलं, चिंच चोळली, राख लावली, आणि पुन्हा पहिल्यापासून. अंग सोलून निघालं, पण मी चकार शब्द काढला नाही. मग नवी बडीशेप भाजली आणि पहिली चिमूट सत्यशीलाताईला.

"ताई, गरगरतंय?"

"नाही."

"उचकी?"

"नाही गं."

"नक्की ना? अजून थोडी खा."

"मी आशा आहे, उंदीर नाही!" ताई म्हणाली, पण खाल्ली.

आता आम्रपालीला आठवा चालू आहे. मध्ये चेतनचं काम दोन आठवडे बंद होतं, तेव्हा ती परत घसरली. पण लपली नाही. त्याच संध्याकाळी शेडमध्ये येऊन म्हणाली, "आज लावली." हिराने शिव्या घातल्या, कांताबाईंनी चहा केला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस. मागच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढ बरी आहे. बरी म्हणजे किती, हे आम्रपालीने तीन वेळा विचारलं. भीती गेलेली नाही तिची. पेटी लागेल की नाही ते मला माहीत नाही, ताईलाही नाही. पण मला कुणी आता मशेरीचा तवा म्हटलं तर आम्रपाली त्याला सोडत नाही, आणि मीही ऐकून घेत नाही.

एक काम करा माझं. तुमच्या ओळीत, तुमच्या बिल्डिंगीत, मशेरी असो, विडी असो, सिगारेट असो, कुणी सोडून परत धरली असेल आणि तोंड लपवून बसली असेल, बसला असेल. त्यांचं दार वाजवा. सांगा, परत धरली म्हणजे संपलं नाही, परत सोडायची. एकट्याने सोडू नका, चारचौघांत सोडा, आणि हसत सोडा. आणि त्यांना म्हणावं, हे ऐकून गप्प बसू नका, पुढचं दार तुम्ही वाजवा.